रोल-प्लेइंग खेळाच्या संदर्भपत्रकावरची चिन्हे टेबलावर चालत नसतील तर

लक्षणे

संदर्भपत्रक, म्हणजे खेळताना नियम चटकन शोधण्यासाठी समोर ठेवायचा कागद, पडद्यावर देखणे दिसते, पण खेळ सुरू होऊन अर्धा तास झाला, की कोणीतरी कागदावर बोट ठेवून विचारते, "हे कवटीचं म्हणजे काय होतं?" उत्तर मिळते, खेळ पुढे सरकतो, आणि दहा मिनिटांनी तोच प्रश्न दुसरा खेळाडू विचारतो. हे पहिले आणि सर्वांत नेहमीचे लक्षण. दुसरे याहून फसवे असते: कोणीच काही विचारत नाही, कारण खेळाडूने चिन्हाचा चुकीचा अर्थ मनाशी पक्का केलेला असतो आणि तो त्याप्रमाणे खेळत राहतो. तिसरे लक्षण छापील प्रतीवर दिसते. बारीक रेघांची चिन्हे शाईचे डाग होऊन बसतात किंवा चिन्हाच्या जागी नुसता काळा ठोकळा उमटतो. चौथे लक्षण म्हणजे रिकामे चौकोन: घरच्या संगणकावर जिथे तलवार होती, तिथे झेरॉक्सच्या दुकानात पोकळ चौकट येते. पाचवे लक्षण रंगांचे आहे. रंगीत पत्रकावर सहज ओळखू येणारी चिन्हे काळ्या-पांढऱ्या प्रतीत सगळी सारखीच करडी होतात.

मी गेली सहा वर्षे पुण्यात दर रविवारी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या पात्रे रंगवत फाशांनी खेळायच्या खेळाची पाचवी आवृत्ती चालवते आणि नव्या खेळाडूंसाठी मराठी संदर्भपत्रके तयार करते. माझी स्वतःची पत्रके या पाचही प्रकारांनी बिघडली, आणि पुढे इतर गटांनी दुरुस्तीसाठी पाठवलेल्या पत्रकांतही तेच बिघाड पुन्हा पुन्हा सापडत गेले. खालचा क्रम फुकटात, पाच मिनिटांत होणाऱ्या तपासणीपासून सुरू होतो आणि वेळखाऊ दुरुस्त्यांकडे जातो. हा क्रम मोडू नये असा माझा आग्रह आहे, कारण बहुतेक जण सर्वांत शेवटचे काम, म्हणजे नवी चिन्हे शोधणे किंवा काढणे, सर्वांत आधी हाती घेतात आणि दोन रात्री जागल्यावर त्यांच्या लक्षात येते की चूक छपाईच्या खिडकीतल्या एका पर्यायाची होती.

छापलेले माप

सर्वप्रथम पट्टी घ्यावी. पत्रकाच्या समासात बरोबर ५० मिलिमीटर लांबीची एक बारीक रेघ कायमची काढून ठेवावी आणि छापून आल्यावर ती मोजावी. रेघ ४७ मिलिमीटर भरली, तर छपाईयंत्राने 'पानावर बसवा' हा पर्याय परस्पर लावलेला आहे असे समजावे. तो बदलून 'मूळ आकार' किंवा १०० टक्के करावा. दुकानदाराने कागद वाचवण्यासाठी दोन ए-फोर पाने एका पानावर छापली असतील, तर प्रत्येक पान ७१ टक्क्यांवर आलेले असते, म्हणजे ६ मिलिमीटरचे चिन्ह सव्वाचार मिलिमीटरचे होते. अक्षरे या आकुंचनातून बऱ्यापैकी तगतात, कारण शब्द वाचताना शेजारची अक्षरे आणि आजूबाजूचे वाक्यही मदतीला येते. एकट्या चिन्हाला असा आधार नसतो. त्यामुळे पत्रकावर सर्वांत आधी मरते ते चिन्ह.

त्याच बैठकीत पत्रक हातात धरून न पाहता टेबलावर ठेवून पाहावे. खेळताना कागद डोळ्यांपासून दीड-दोन फुटांवर, थोडा तिरका, बऱ्याचदा चिवड्याच्या वाटीखाली आणि जवळजवळ नेहमी खोलीतल्या एकाच दिव्याच्या उजेडात असतो. चकचकीत लॅमिनेशन केले असेल तर त्यावर ट्यूबलाइटचा पट्टा पडतो आणि त्या पट्ट्याखालची रांग दिसेनाशी होते. माझा अनुभव असा, की साधी भरीव आकृती ४ मिलिमीटरपर्यंत ओळखू येते, पण आत तपशील असलेले चिन्ह ६ मिलिमीटरच्या खाली नेऊ नये.

करडी प्रत

दुसरी तपासणी एका काळ्या-पांढऱ्या प्रतीच्या खर्चात होते. पत्रक रंगीत असो वा नसो, त्याची एक करडी प्रत काढून घ्यावी. लाल आणि हिरव्याची गडदता सारखी असली, की दोन्ही करडेपणात एक होतात. मग 'आग' लाल आणि 'विष' हिरवे या भरवशावर उभी केलेली सगळी योजना कोसळते. पत्रकाची रंगीत प्रत फक्त ते बनवणाऱ्याकडे राहते आणि बाकीचे सगळे झेरॉक्सवर खेळतात, हे आपण गृहीतच धरावे. शिवाय लाल-हिरवा भेद न दिसणारे लोक प्रत्येक मोठ्या गटात कधी ना कधी येतातच, आणि पुरुषांत हे प्रमाण स्त्रियांपेक्षा कितीतरी जास्त असते. रंग ठेवायला हरकत नाही, परंतु आकाराने आधीच सांगितलेली गोष्ट दुसऱ्यांदा सांगणे एवढेच त्याचे काम असावे.

एका माणसाला विचारणे

तिसरी तपासणीही फुकट आहे, पण ती करताना अहंकार दुखावतो म्हणून बहुतेक जण ती टाळतात. पत्रकावरचे शब्द कागदाच्या पट्टीने झाकावेत, हा खेळ कधीही न खेळलेल्या एखाद्या व्यक्तीसमोर फक्त चिन्हे ठेवावीत आणि ती कशाची वाटतात ते लिहून घ्यावे. आपण मध्ये बोलू नये. मग हीच परीक्षा गटातल्या मुरलेल्या खेळाडूवर करावी. नवख्याचे उत्तर चुकले आणि मुरलेल्याचे बरोबर आले, तर चिन्ह शिकता येण्यासारखे आहे. दोघेही चुकले, तर ते निकामी आहे. आणि दोघांनीही दोन वेगळ्या चिन्हांना एकच नाव दिले, तर खरा बिघाड सापडला.

माझ्या पहिल्या पत्रकात हा शेवटचा प्रकार होता, आणि तो खेळात कसा उघड झाला ते सांगण्यासारखे आहे. मी जादूगाराच्या मंत्रांपुढे नुकसानाच्या प्रकाराचे चिन्ह दिले होते. 'पॉयझन स्प्रे' या मंत्रापुढे विषाची कवटी होती, आणि 'चिल टच' या मंत्रापुढे, ज्याचे नुकसान पाचव्या आवृत्तीच्या मूळ, २०१४ च्या नियमांत नेक्रॉटिक म्हणजे जीवनशक्ती सुकवणाऱ्या प्रकारचे आहे, थोड्या वेगळ्या जबड्याची पण कवटीच होती. आमच्या गटातल्या एका नव्या मुलीने तळघरात झॉम्बी समोर आल्यावर "मेलेल्यांसाठी हीच असणार" असे म्हणत 'पॉयझन स्प्रे' टाकला. झॉम्बीवर विषाचे नुकसान होतच नाही. मी "काही परिणाम झाला नाही" एवढेच सांगितले. तिला वाटले फासा वाईट पडला. तिने तोच मंत्र आणखी दोनदा टाकला, आणि तिसऱ्या वेळी तिचे बोट कवटीवर टेकलेले पाहून चूक कुठे आहे ते माझ्या लक्षात आले. त्या संध्याकाळी पत्रकावर तीन कवट्या सापडल्या. तिसरी मी 'मृत्यूची फेरी' म्हणजे मरणाच्या दारातले पात्र वाचते का हे ठरवणाऱ्या फाशासाठी (डेथ सेव्हिंग थ्रो) वापरली होती आणि विसरून गेले होते.

अशा जोड्या ठरलेल्या असतात. हृदय हे प्राणांक म्हणजे हिट पॉइंट्ससाठीही वापरले जाते आणि 'मोहित' या अवस्थेसाठीही. ढाल ही आर्मर क्लाससाठी (पात्राला मार लागणे किती अवघड ते सांगणारा आकडा), हातातल्या ढालीसाठी आणि 'शील्ड' मंत्रासाठी. ज्वाळा ही आगीच्या नुकसानासाठी आणि इव्होकेशन या मंत्रशाखेसाठी. 'पकडीत' आणि 'जखडलेला' या दोन्ही अवस्थांपुढे साखळी लावलेली पत्रके मी मोजायची सोडून दिली आहेत, आणि या दोहोंतला फरक मामुली नाही: २०१४ च्या नियमांत पकडीतल्याचा वेग शून्य होतो एवढेच, तर जखडलेल्यावर हल्ला करणाऱ्याला ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा आकडा धरणे) मिळतो, जखडलेल्याचे स्वतःचे हल्ले डिसॲडव्हांटेजने (दोनांतला लहान आकडा धरून) होतात आणि डेक्स्टेरिटी सेव्ह, म्हणजे चपळाईने वाचण्याचा प्रयत्नसुद्धा डिसॲडव्हांटेजनेच करावा लागतो. पत्रक करणाऱ्याने एका चिन्हाला एकच अर्थ द्यावा आणि आपल्या सगळ्या चिन्हांची एका कागदावर यादी करून तोच आकार दुसऱ्यांदा आला आहे का ते पाहावे. दहा मिनिटांचे काम आहे.

शब्द परत आणणे

इथपर्यंत बिघाड गेला नसेल, तर पत्रकात पहिला खरा बदल करावा लागतो: चिन्हाशेजारी शब्द लिहावा लागतो. पत्रक करणाऱ्यांची यावर नाराजी असते, कारण चिन्हे आणली होती ती शब्द वाचवण्यासाठीच. माझ्या मते मूळ गफलत याच अपेक्षेत आहे. संदर्भपत्रकावरचे चिन्ह नियम सांगत नाही, ते नियमाची जागा दाखवते. गोंधळाच्या क्षणी डोळ्याला चाळीस ओळींतून नेमक्या ओळीवर नेऊन पोहोचवणे एवढेच त्याचे काम. तिथे पोहोचल्यावर काय करायचे ते शब्दांनीच सांगावे लागते.

आपल्याकडे याचे उदाहरण सगळ्यांच्या परिचयाचे आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून उमेदवारांना चिन्हे देण्यात आली, ती वाचता न येणाऱ्या मतदारांसाठी. बैलजोडी, झोपडी, झाड अशी ती रोजच्या पाहण्यातली होती, आणि साध्या काळ्या छपाईत ओळखू येतील अशी होती. पण ती उमेदवाराच्या पक्षाचे धोरण सांगत नव्हती. त्याला शोधण्याची खूण होती. आजच्या मतदानयंत्रावरही चिन्हाबरोबर उमेदवाराचे नाव असतेच. एवढ्या अटीतटीच्या ठिकाणी जर चिन्हाला एकटे सोडलेले नाही, तर आपल्या पंधरा अवस्थांच्या तक्त्यात ते का सोडावे?

शब्द लहान ठेवावा. मी अवस्थांसाठी 'आडवा', 'सुन्न', 'लुळा', 'शिळा', 'पकडीत', 'जखडलेला' असे शब्द वापरते. मूळ इंग्रजी नाव देवनागरीत बारीक अक्षरांत खाली देते, कारण खेळाडू नियमपुस्तकात शोधताना त्याच नावाने शोधणार असतो. चिन्ह नेहमी शब्दाच्या डावीकडे, प्रत्येक ओळीत एकाच उभ्या रेषेत असावे. ते कधी डावीकडे, कधी वाक्याच्या मध्ये असे विखुरले, तर डोळ्याला सरळ खाली उतरता येत नाही आणि चिन्ह असण्याचा सगळा फायदा जातो.

संख्या कमी करणे

पाचव्या आवृत्तीत नुकसानाचे तेरा प्रकार, पंधरा अवस्था, आठ मंत्रशाखा आणि सहा मूळ क्षमता आहेत. या सगळ्यांना चिन्हे द्यायची म्हटली तर ती बेचाळीस होतात, आणि त्यात अजून कृतींचे प्रकार आलेलेच नाहीत. एवढी चिन्हे म्हणजे शिकण्याची आणखी एक लिपी. २०१९ मध्ये आलेल्या 'पाथफाइंडर' या अशाच दुसऱ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीकडे मी या बाबतीत आदराने पाहते. तिथे एका फेरीत तीन कृती आणि एक रिॲक्शन (दुसऱ्याच्या कृतीला दिलेली प्रतिक्रिया) मिळते, आणि नियमपुस्तकात एक, दोन व तीन कृतींसाठी पत्त्यांतल्या चौकटच्या आकारातली तीन चिन्हे, मोफत कृतीसाठी एक पोकळ चिन्ह आणि रिॲक्शनसाठी वळलेला बाण, एवढीच पाच चिन्हे सर्वत्र वापरली जातात. ती पहिल्याच संध्याकाळी पाठ होतात, कारण पाचच आहेत, प्रत्येक पानावर पुन्हा भेटतात, आणि चौकट वाढल्या की किंमत वाढली हे न सांगता कळते.

म्हणून मी पत्रकातली चिन्हे मोजते आणि जे चिन्ह संपूर्ण पत्रकावर एकदाच आले असेल ते काढून टाकते. एकदाच येणारे चिन्ह शिकण्याचे कष्ट खेळाडूने का घ्यावेत? मंत्रशाखांची आठही चिन्हे मी याच नियमाने काढली आणि गेल्या चार वर्षांत ती कोणी परत मागितलेली नाहीत.

रिकामे चौकोन आले असतील तर

हा बिघाड फाइलमधला आहे. तो समजायला मराठी माणसाला अवघड जाऊ नये, कारण बिगर-युनिकोड फाँटमध्ये टंकलेली जुनी फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडल्यावर होणारा अक्षरांचा चुराडा आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. चिन्हांचे फाँट बहुधा तशाच पद्धतीने चालतात. युनिकोडमध्ये खासगी वापरासाठी ६,४०० जागांचा एक पट्टा राखलेला आहे. त्या जागांवर कोणते चित्र बसवायचे ते ज्याचे त्याने ठरवावे अशी मुभा आहे. चिन्हांच्या फाँटमधली तलवार तिथे बसवलेली असते. तो फाँट समोरच्या संगणकावर नसेल, तर त्या जागेला काहीच अर्थ उरत नाही आणि पोकळ चौकट येते.

यावर पहिला उपाय म्हणजे दुकानात वर्डची फाइल कधीही न नेता पीडीएफ न्यावी. पीडीएफ ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडून फाइलच्या 'प्रॉपर्टीज'मधल्या 'फाँट्स' या पानावर जावे आणि प्रत्येक फाँटच्या नावापुढे 'एम्बेडेड' किंवा 'एम्बेडेड सबसेट' (म्हणजे फाँट फाइलमध्येच बसवलेला) लिहिलेले आहे का ते पाहावे. एखाद्या नावापुढे तसे नसेल, तर चौकोन तिथूनच येणार. दुसरा आणि अधिक पक्का उपाय म्हणजे चिन्हांचे रूपांतर आकृतींमध्ये करणे. इंकस्केप या रेखाचित्रे काढायच्या मोफत प्रणालीत चिन्ह निवडून 'पाथ' यादीतला 'ऑब्जेक्ट टू पाथ' हा पर्याय दिला, की फाँटची गरजच संपते. हे फक्त चिन्हांवर करावे. मराठी मजकुराचेही असे रूपांतर केले, तर पुढे एक वेलांटी सुधारायची झाली तरी शब्द नव्याने लिहावा लागतो, आणि पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रणालीवर अवलंबून असलेल्या खेळाडूसाठी पत्रक मुके होते.

इमोजीच्या बाबतीत वेगळी काळजी हवी. तिरक्या तलवारी किंवा ढाल ही चिन्हे युनिकोडमध्ये अधिकृतपणे आहेत, त्यामुळे चौकोन सहसा येत नाही. पण त्यांचे रूप प्रत्येक यंत्रणा आपल्या फाँटप्रमाणे ठरवते. एका फोनवर काळी रेखाकृती, दुसऱ्यावर रंगीत फुगीर चित्र. छापायच्या पत्रकात मी इमोजी वापरत नाही.

काळे ठोकळे आणि डाग

गेम-आयकॉन्स डॉट नेट या संकेतस्थळावर चार हजारांहून अधिक चिन्हे मोफत मिळतात, आणि आपल्यापैकी बहुतेकांची पत्रके त्यांवरच उभी आहेत. तिथल्या एसव्हीजी फाइलची (रेखाकृतीची फाइल, जी कितीही मोठी केली तरी दातेरी होत नाही) एक गंमत माहीत नसेल तर हमखास ठोकळा उमटतो. मूळ मांडणीत चिन्ह काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे असते, आणि फाइलमधली पहिली आकृती म्हणजे ५१२ बाय ५१२ एककांचा अख्खा काळा चौकोन असतो. आपण पत्रकात आणून सगळे निवडतो आणि रंग काळा करतो. चौकोनही काळा, त्यावरची तलवारही काळी. उपाय एका टिचकीचा आहे: चिन्ह उतरवण्यापूर्वी तिथल्याच संपादकात पार्श्वभूमी पारदर्शक करावी, किंवा इंकस्केपमध्ये गट सुटा करून मागचा चौकोन पुसावा. ही चिन्हे प्रामुख्याने क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देशाच्या ३.० परवान्याखाली आहेत, त्यामुळे लॉर्क, डेलापुइट किंवा ज्या कोणाचे चिन्ह असेल त्याचे नाव पत्रकाच्या तळाशी बारीक का होईना, पण द्यायचेच असते.

ठोकळा नसून डाग पडत असेल, तर रेघेची जाडी मोजावी लागते. ५१२ एककांच्या चौकटीत काढलेले चिन्ह ४ मिलिमीटरवर छापले, तर त्यातली १० एकक जाडीची रेघ कागदावर ०.०८ मिलिमीटरच्या आसपास येते. ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) छपाईचा एक ठिपका ०.०८५ मिलिमीटरचा असतो. म्हणजे ती रेघ एका ठिपक्याहूनही बारीक आहे, आणि ती उमटेल की नाही हे यंत्राच्या मर्जीवर राहते. रेघांमधल्या फटींनाही हाच हिशेब लागू होतो, फक्त उलट दिशेने: टोनर पसरतो आणि फट बुजते. माझा दंडक असा, की सर्वांत बारीक रेघ आणि सर्वांत अरुंद फट पाव मिलिमीटरपेक्षा कमी नसावी. ६ मिलिमीटरच्या चिन्हात हे सुमारे २१ एकक होतात. न बसणारे तपशील जाड करण्यापेक्षा पुसून टाकणे बरे. तलवारीच्या मुठीवरचे नक्षीकाम गेल्याने तलवार ओळखू येईनाशी होत नाही.

चिन्ह एसव्हीजी नसून छायाचित्रासारखी फाइल असेल, तर ६ मिलिमीटरसाठी किमान ७१ पिक्सेलची रुंदी लागते. संकेतस्थळावरून उचललेले ३२ पिक्सेलचे चित्र कितीही सुधारले तरी दातेरीच राहते. आणि पत्रक व्हॉट्सॲपवर पाठवायचे असेल तर ते फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावे.

मराठी अक्षराशेजारी चिन्ह बसवताना एक छोटी कुरबुर नेहमी उरते: चिन्ह किंचित खाली घसरलेले दिसते. बहुतेक प्रणाली चिन्हाची उंची रोमन अक्षराच्या हिशेबाने ठरवतात, तर आपले अक्षर शिरोरेषेला टांगलेले असते. चिन्हाचा वरचा कडा शिरोरेषेशी जुळवावा आणि वेलांटी व उकार हिशेबात धरू नयेत. मग ओळ सरळ दिसते.

चिन्हाची भाषा

आता अवघड भाग. चिन्ह स्वच्छ छापले जाते, एकाच अर्थाने वापरलेले आहे, शेजारी शब्दही आहे, तरी खेळाडू अडखळतो. अशा वेळी चिन्ह आपल्या लोकांशी परक्या भाषेत बोलत असते.

सहा क्षमतांसाठी सहा प्राणी वापरण्याची पद्धत या खेळात जुनी आहे, आणि पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांतल्या 'एनहान्स ॲबिलिटी' या मंत्रातही तेच प्राणी आहेत: बळासाठी बैल, चपळाईसाठी मांजर, काटकपणासाठी अस्वल, बुद्धीसाठी कोल्हा, शहाणपणासाठी घुबड, प्रभावासाठी गरुड. यांतले कोल्हा, मांजर आणि गरुड मराठी खेळाडूला लगेच पटतात. बैलापाशी जरा हसू येते, कारण आपल्याकडे बैल बळाचा आहे तसाच तो 'बैलोबा'ही आहे. पण घुबड सरळ उलटे पडते. आपल्या घरात वाढलेल्या मुलाला घुबड म्हणजे अपशकुन. त्याने ते चिन्ह शापाचे समजून पत्रकभर शापाचा नियम शोधलेला मी पाहिला आहे. शहाणपणासाठी मी आता समई वापरते. ज्योत आगीच्या चिन्हाशी गल्लत करील अशी भीती होती, म्हणून समईचा दांडा उंच आणि ज्योत बारीक ठेवली आहे. आजवर गल्लत झालेली नाही.

'शिळा' होण्याच्या अवस्थेसाठी सर्वत्र सापांचे केस असलेले मेड्यूसाचे मुंडके मिळते. ग्रीक पुराण न वाचलेल्याला त्यात फक्त साप दिसतात, आणि साप म्हणजे विष. मराठी वाचकाला दगड होण्याची गोष्ट अहल्येमुळे लहानपणापासून ठाऊक असते. त्यामुळे तिथे साधी, अर्धी दगडात रुतलेली मानवाकृती पुरते.

काही ठिकाणी चित्र शब्दापेक्षा खरोखर सरस ठरते, आणि तिथे मेहनत घ्यावी. 'आडवा' पडलेल्यावर पाच फुटांच्या आतून केलेल्या हल्ल्याला ॲडव्हांटेज मिळतो आणि लांबून केलेल्याला डिसॲडव्हांटेज, हे वाक्य नवे खेळाडू हमखास उलटे लक्षात ठेवतात. जमिनीवर आडवी आकृती, तिच्याजवळ वर जाणारा बाण आणि दूरवर खाली जाणारा बाण, एवढ्या चित्राने आमच्याकडचा तो वाद संपला. लुळा, शिळा, सुन्न आणि बेशुद्ध या चारही अवस्थांत 'असमर्थ' ही अवस्था आपोआप येते. म्हणून या चारही चिन्हांच्या कोपऱ्यात मी 'असमर्थ'ची तीच तिरकी काळी पट्टी दिली आहे. थकव्याचे मात्र चित्र काढू नये. त्याच्या सहा पायऱ्या आहेत, आणि २०१४ च्या आणि सुधारलेल्या २०२४ च्या नियमांत त्यांचे परिणाम वेगळे आहेत. तिथे पेन्सिलीने खूण करण्यासाठी सहा रिकामे चौकोन द्यावेत.

कुठे थांबावे

एकच चिन्ह दोनदा बदलूनही तिसऱ्या नव्या माणसाला कळत नसेल, तर ते आपल्याला जमत नाही असे मान्य करून एक तर तिथे नुसता शब्द ठेवावा, नाही तर चित्रकाराकडे जावे. वेगवेगळ्या चित्रकारांची चिन्हे गोळा करून त्यांची जाडी, वळणे आणि कोन एकसारखे करण्याचा प्रयत्न तर हौशी माणसाने करूच नये. मी केला होता, आणि दोन महिन्यांनी माझ्याकडे एकसारखी वाईट दिसणारी तीस चिन्हे होती.

शेकड्यांनी प्रती ऑफसेटवर छापायच्या असतील, तर फाइल प्रेसच्या डीटीपी करणाऱ्याच्या हाती द्यावी आणि नमुना प्रत पाहिल्याशिवाय छपाईला होकार देऊ नये. बारीक मजकुरातले आणि चिन्हांतले काळे हे चार रंग मिसळून केलेले काळे असेल, तर रंग किंचित सरकले तरी रेघेला रंगीत कड येते; ते शुद्ध काळ्यात बदलणे त्यांचे रोजचे काम आहे. देवनागरी आणि चिन्हे एकत्र असलेला स्वतःचा फाँट करायचा विचार असेल, तर ते अक्षररचनाकाराचे काम आहे, रविवारचे नव्हे.

पत्रक विकायचे ठरवल्यास वकिलाचा सल्ला आधी घ्यावा. जानेवारी २०२३ पासून पाचव्या आवृत्तीचा ५.१ क्रमांकाचा संदर्भ दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देशाच्या ४.० परवान्याखाली खुला आहे, आणि श्रेय देऊन त्यातल्या मजकुराचा मराठी अनुवाद करता येतो. पण त्यात प्रकाशकाची बोधचिन्हे आणि पुस्तकांतली चित्रे येत नाहीत.

एखाद्या खेळाडूची दृष्टी अधू असेल, तर चिन्हे मोठी करत बसू नये. त्याला काय हवे ते त्यालाच विचारावे आणि चिन्हांशिवाय, मोठ्या अक्षरांतली वेगळी प्रत करावी.

चित्रकाराकडे जाताना सोबत काय न्यावे, हे दोनदा चुकून शिकले आहे. सध्याची पीडीएफ नेऊ नये; ती पाहून चित्रकार तेच पुन्हा सुबक करून देतो. न्यावी ती टेबलावर वापरलेली, डाग पडलेली, पेन्सिलीच्या खुणा असलेली छापील प्रत, शब्द झाकून घेतलेल्या परीक्षेतली चुकलेली उत्तरे, आणि चिन्ह किती मिलिमीटरवर छापायचे आहे तो आकडा.